पतिवधाचा दंड आणि पीडित पत्नीची भाषा

१

दंडविधीचा इतिहास लिहिताना अभ्यासक अपराधाची व्याख्या पाहतात, दंडाचे प्रमाण पाहतात आणि राज्यकर्ते बदलले म्हणजे या दोहोंत काय फरक पडला याची नोंद करतात. अपराध ज्या भाषेत सांगितला जातो त्या भाषेकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र हा आहे. कायद्याच्या प्रांतात त्याला अधिकारवाणीने बोलता येणार नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तथापि एका प्रश्नापुरते तरी विधिज्ञ आणि वैयाकरण यांनी एकत्र बसावयास हवे, असे त्याला वाटते. तो प्रश्न असा : वर्षानुवर्षे मारहाण सोसलेल्या पत्नीने अखेर पतीचा प्राण घेतला, तर तिला कोणता दंड द्यावा? आणि तो ठरविताना तिने सोसलेल्या वर्षांचा हिशेब कोणत्या रीतीने व्हावा?

या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो स्मृतिग्रंथांपासून सुरू होतो, पेशवाईतून व इंग्रजी अमलातून वाट काढतो आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेपर्यंत येऊन ठेपतो. या लेखात त्या इतिहासाचे मुख्य टप्पे पाहावयाचे आहेत. प्रतिपादनाचा गाभा थोडक्यात सांगावयाचा तर असा, की आपला दंडविधी पतिवधाच्या प्रसंगी घडून गेलेल्या एकाच क्षणाची विचारणा करतो. त्याचा प्रश्न साध्या भूतकाळातला असतो. पीडित पत्नीजवळ सांगण्यासारखे जे असते ते मात्र रीतिकाळातले असते. प्रश्न एका काळात आणि उत्तर दुसऱ्या काळात, अशी ही विसंगती आहे. या विसंगतीची किंमत कित्येकदा जन्मठेपेच्या रूपाने मोजावी लागते.

२

आरंभ शब्दापासूनच करू. संस्कृतात ‘पतिघ्नी’ असा शब्द आहे. पाणिनीने तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ‘जायाघ्न’ आणि ‘पतिघ्नी’ या रूपांसाठी स्वतंत्र सूत्र केले आहे, आणि त्यात ‘लक्षण’ हा अर्थ स्पष्ट सांगितला आहे. म्हणजे ज्या स्त्रीच्या अंगावर पतीच्या मृत्यूचे सूचक चिन्ह आहे ती पतिघ्नी. तिने काही केलेच पाहिजे असे नाही. ऋग्वेदातील विवाहसूक्तात वधूला ‘अपतिघ्नी’ हो असे सांगितले आहे, तेथेही हीच भीती दिसते. पतीचा घात हे स्त्रीचे कृत्य म्हणून ओळखले जाण्याबरोबरच तो तिच्या ठिकाणी वसणारा एक संभाव्य दोष म्हणूनही भाषेने मानला होता.

मराठीने हा वारसा आपल्या परीने चालविला. एखाद्या बाईचा नवरा पटकीने किंवा तापाने गेला, तरी ‘नवऱ्याला खाल्लंन्’, ‘पांढऱ्या पायाची’ असे शब्द तिच्या वाट्याला येत. जिने काही केले नाही तिला घातकाचे क्रियापद भाषेने सहज बहाल केले. उलट, जी खरोखर मार खाऊन खाऊन शेवटी हात उचलते, तिच्यासाठी मात्र आपल्या भाषेत वेगळे नाम नाही. पतीसाठी ‘धनी’ व ‘मालक’ हे शब्द प्रचारात होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. धन्याचा वध हा नुसता वध राहत नाही. त्यात सेवकाच्या द्रोहाची छटा मिसळते.

ही छटा केवळ आपल्याच समाजात होती असे नव्हे. इंग्लंडात १३५१ च्या कायद्याने पत्नीकडून पतीचा, नोकराकडून धन्याचा आणि धर्मसेवकाकडून त्याच्या वरिष्ठाचा झालेला वध हा ‘लघु राजद्रोह’ ठरविला होता. पतीने पत्नीला मारले तर तो साधा खून, आणि पत्नीने पतीला मारले तर द्रोह! या अपराधाबद्दल स्त्रीला जाळण्याची शिक्षा तेथे १७९० पर्यंत कायद्यात होती, आणि या अपराधाचा वेगळा वर्ग १८२८ साली रद्द झाला. ज्या इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला त्यांच्या स्वतःच्या देशात त्या वेळी हा भेद अद्याप जिवंत होता.

३

आपल्याकडील धर्मशास्त्राचा दंड काही सौम्य नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विष देणारी, आग लावणारी आणि पती, गुरू किंवा स्वतःचे अपत्य यांचा घात करणारी स्त्री यांना एकाच पंक्तीत बसविले आहे. कान, हात, नाक व ओठ छाटून बैलांकरवी तिचा वध करावा, असे तेथे विधान आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातही बैलांकरवी वधाची हीच तरतूद आढळते. याज्ञवल्क्यावरील ‘मिताक्षरा’ ही टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली जात असल्याने या वचनांना येथे विशेष वजन होते.

परंतु वचन आणि व्यवहार यांत अंतर असते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात मराठी राज्यातील शिक्षांचे वर्णन आहे. स्त्रियांना देहान्त शासन देत नसत. दीर्घकाळची कैद आणि नाक, कान किंवा स्तन कापणे हीच त्यांच्या शिक्षेची परिसीमा होती, असे तो नमूद करतो. म्हणजे स्मृतीतील वध गळून पडला होता, अंगच्छेद मात्र उरला होता. स्त्री अवध्य आहे ही भावना राज्यकर्त्यांच्या मनात होती. तिच्या देहावर अपराधाची खूण कायमची उमटवावी, ही भावनाही तितकीच प्रबळ होती. लक्षणावरून ओळखली जाणारी पतिघ्नी येथे वेगळ्या वाटेने परत येते : पूर्वी चिन्ह आधी आणि मृत्यू नंतर असे मानीत, आता मृत्यू आधी आणि चिन्ह नंतर. दोन्ही ठिकाणी, तिने हे का केले, हा प्रश्न गौणच राहिला.

४

मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा तयार केला. १८६० मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. या संहितेने एक मोठी गोष्ट केली. पती आणि धनी हे भेद तिने खुनाच्या व्याख्येतून काढून टाकले. अंगच्छेद तर कायद्यात उरलाच नाही. पतीला मारणारी पत्नी आणि वाटसरूला मारणारा दरोडेखोर हे एकाच कलमाखाली आले. ही समता खरी होती, आणि तिचे श्रेय संहितेला दिले पाहिजे. परंतु समतेबरोबर एक सारखेपणाही आला. ज्याचा हात बळकट आणि ज्याचा क्षोभ तत्काळ, अशा पुरुषाच्या मापाने सर्वांचा क्षोभ मोजला जाऊ लागला.

कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयमन गमावून कोणी प्राण घेतला तर तो खून ठरत नाही. तो सदोष मनुष्यवध होतो. या अपवादाखाली सहा उदाहरणे दिली आहेत. त्यांत पिस्तूल झाडणारा आहे, अटक करणारा बेलिफ आहे, साक्षीदारावर अविश्वास दाखविणारा न्यायाधीश आहे, आणि नाक ओढण्याचा प्रयत्न करणाराही आहे. नवराबायकोचे घर मात्र त्यांपैकी एकाही उदाहरणात नाही. संहिताकारांच्या डोळ्यांसमोर रस्ता, कचेरी आणि न्यायालय होते. प्रक्षोभ ही चार माणसांत घडणारी, एका घटकेत पेटणारी गोष्ट आहे, असे त्यांनी गृहीत धरले.

दंडाच्या बाजूने पाहिले असता या अपवादाचे महत्त्व स्पष्ट होईल. कलम ३०२ खाली खुनाला दोनच शिक्षा आहेत : मृत्यू किंवा जन्मठेप. १९५५ च्या सुधारणेपूर्वी जन्मठेपेच्या जागी जन्माचे काळे पाणी होते. यांहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही. १९६१ साली गोपाळ विनायक गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. सूट द्यावयाची तर ती शासनाने द्यावी. १९७८ पासून तर, ज्या अपराधाला देहान्त शासनही होऊ शकते अशा अपराधात जन्मठेप झाली असता, किमान चौदा वर्षे कारागृहात काढल्याखेरीज सूट मिळू शकत नाही. १९८० च्या बच्चनसिंग निर्णयात डॉ. चितळे यांनी सुचविलेल्या सौम्यकारक परिस्थितींची यादी नमूद झाली. तीव्र मानसिक किंवा भावनिक क्षोभ हीही त्यांपैकी एक होती. परंतु ती यादी फाशी की जन्मठेप एवढ्याच निवडीसाठी उपयोगी पडते. उलट, १ जुलै २०२४ पूर्वी अपराध कलम ३०४ खाली आला की जन्मठेपेपासून दहा वर्षांच्या आतील कोणत्याही मुदतीपर्यंत, आणि दुसऱ्या भागात केवळ दंडापर्यंतही, शिक्षेला वाव राहत असे. एवंच, पीडित पत्नीच्या बाबतीत दयेचा दरवाजा शिक्षेच्या टप्प्यावर नसून व्याख्येच्या टप्प्यावर आहे, आणि त्या दरवाजावर ‘आकस्मिक’ हा शब्द पहारा देत उभा आहे.

शिक्षेपुरती दया दाखवून मूळ प्रश्न टाळण्याची रीत जुनीच आहे. १८८१ साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, आणि अपिलात मुंबईस ती काळ्या पाण्यावर उतरली. तो खटला पतिवधाचा नव्हता. परंतु त्यानिमित्त वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर जो भडिमार झाला त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तिला त्या अवस्थेस कोणी आणले, हा प्रश्न त्यांनी पुढे केला. न्यायालयाने शिक्षा कमी केली. कारणाची चौकशी मात्र न्यायालयाबाहेरच्या एका स्त्रीला आपल्या भाषेत करावी लागली.

५

यानंतरचा निर्णायक टप्पा मुंबईतच आला, आणि तोही एका पतीच्या खटल्यातून. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस माणेकशा नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. १९६० मध्ये तेथे जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपालांनी नानावटींना माफी दिली.

या खटल्याची कहाणी सर्वश्रुत आहे. आपल्याला हवा आहे तो त्यातील विधिविचार. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. मृताच्या पूर्वीच्या वर्तनाने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल ती विचारात घेता येईल, ही एक. आणि प्राणघातक प्रहार क्षोभाच्या भरातच झालेला असला पाहिजे. मध्ये वेळ जाऊन क्षोभ निवाल्यानंतर झालेला असता कामा नये, ही दुसरी. दुपारी दीड वाजता घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडेपर्यंत जो वेळ गेला, तो शांत होण्यास पुरेसा होता, असे ठरून नानावटींना अपवादाचा लाभ मिळाला नाही.

या दोन कसोट्या परस्परांच्या विरुद्ध दिशेने ओढतात, हे सूक्ष्म वाचकाच्या ध्यानी येईल. पहिली भूतकाळाला आत येऊ देते. दुसरी मधल्या प्रत्येक तासाला आरोपीच्या विरुद्ध साक्षीला उभे करते. पार्श्वभूमी मान्य आहे, परंतु ठिणगी ताजीच हवी. पीडित पत्नीचे प्रकरण नेमके या दोहोंच्या मध्ये सापडते. तिच्यापाशी पार्श्वभूमी भरपूर असते. परंतु पती जागा आणि शुद्धीवर असताना त्याच्याशी दोन हात करण्याचे बळ तिच्यापाशी नसते. ती थांबते : तो झोपेपर्यंत, दारूची गुंगी चढेपर्यंत, मुले निजेपर्यंत. हे थांबणे कायद्याच्या भाषेत पूर्वनियोजन ठरते. तिच्या दुर्बलतेचा पुरावाच तिच्या दुष्टतेचा पुरावा होऊन बसतो.

काळ गेला की क्षोभ निवतो, हे गृहीतक मराठी भाषेला तरी मान्य दिसत नाही. आपल्याकडे राग ‘येतो’ आणि ‘जातो’, हे खरे. परंतु तो ‘गिळला’ जातो, ‘साचतो’, आणि ‘धुमसतो’ही. धुमसणे म्हणजे ज्वाळेवाचून जळत राहणे. त्याला वेळ लागतो, आणि वेळ गेल्याने ते कमी होत नाही. याच्या शेजारी ‘डूख धरणे’ हा दुसरा वाक्प्रचार आहे. डूख धरणारा संधी पाहून सूड घेतो. सरकारी पक्ष वेळेच्या अंतराकडे बोट दाखवून म्हणतो, हिने डूख धरला. बचावपक्षाने सांगावयाचे असते, की ही धुमसत होती. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यांतील भेद घड्याळाने कळत नाही. त्यासाठी घरातील मागचा सारा काळ पाहावा लागतो.

६

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत साध्या भूतकाळाशेजारी रीतिभूतकाळ आहे. ‘त्याने मारले’ हे एकदा घडले. ‘तो मारी’ किंवा ‘तो मारत असे’ हे पुनःपुन्हा घडत आले. दोहोंतील फरक केवळ काळाचा नाही. पहिल्या वाक्याला तारीख, वार, वेळ विचारता येते. दुसऱ्याला ती विचारली तर वाक्यच मोडते. ‘तो मारी’ असे म्हणणाऱ्या स्त्रीला ‘केव्हा?’ असे विचारले, तर तिला खरे उत्तर एकच देता येते : ‘नेहमी’. न्यायालयाच्या नोंदीत ‘नेहमी’ हे उत्तर मोघम ठरते. निश्चित तारीख सांगता येत नाही म्हणून कथन अविश्वसनीय वाटते. वास्तविक तारखा आठवत नाहीत याचे कारण त्या फार आहेत, हे असू शकते.

प्रयोगाचाही फरक आहे. ‘तो मारी’ हा कर्तरी प्रयोग. वाक्याचा कर्ता पती आणि क्रियापद त्याच्यामागे चालणारे. ‘तिने मारले’ यात कर्ता तृतीयेत गेला, आणि ती स्त्री झाली. दहा वर्षे एका कर्त्याची आणि एक रात्र दुसऱ्या कर्त्याची. आरोपपत्र या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते.

‘मारणे’ हे क्रियापदही दुहेरी आहे. त्याचा एक अर्थ ठोकणे, दुसरा जीव घेणे. जेथे घोटाळा होऊ नये असे वाटते तेथे आपण ‘ठार मारणे’, ‘जिवे मारणे’, ‘मारून टाकणे’ असे म्हणतो. पण संतापाने किंवा भयाने बोलणारा मनुष्य विशेषणे निवडीत बसत नाही. ‘त्याने तिला मारले’ हे वाक्य आपण सहजच ‘ठोकले’ या अर्थी घेतो. ‘तिने त्याला मारले’ हे वाक्य समोर प्रेत असताना ‘ठार केले’ असे वाचतो. क्रियापद तेच, अर्थ ठरतो तो कोण निपचित पडले आहे त्यावरून. खून आणि सदोष मनुष्यवध यांतील फरक हेतू व जाणीव यांवर अवलंबून असताना, ‘मला त्याला मारायचे होते’ या वाक्याचे भाषांतर कोणत्या शब्दाने होते, यावर चौदा वर्षांचा फरक पडू शकतो.

खानदेशात या अडचणीत आणखी एक पायरी वाढते. उदाहरणादाखल भुईकोटासाठी प्रसिद्ध असलेले पारोळा घेऊ. १९०६ पर्यंत ते धुळे हे ठाणे असलेल्या अखंड खानदेश जिल्ह्यात होते. त्यानंतर पूर्व खानदेशात गेले, आणि आज ते जळगाव जिल्ह्यात आहे. जिल्ह्यांची नावे बदलली तरी गावाकडील घरांतली बोली अहिराणीच राहिली. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात तिचा ‘खानदेशी’ म्हणून भिल्ल बोलींच्या सोबत समावेश आहे. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद असोत. अहिराणीचे क्रियारूप प्रमाण मराठीहून वेगळे चालते यात शंका नाही. पारोळ्याकडील स्त्री ‘तो माले मारस’ असे म्हणते. ‘मारस’ या एकाच रूपात ‘मारतो’ आणि ‘मारत आहे’ हे दोन्ही अर्थ सामावतात. जे आता चालले आहे आणि जे रोज चालते, त्यांत हे रूप भिंत उभी करीत नाही. याचे मराठी करताना लेखनिकाला दोहोंपैकी एक निवडावेच लागते. ‘तो मला मारतो’ असे लिहिले तर ती सवयीची तक्रार होते; ‘मारत आहे’ असे लिहिले तर ते तत्क्षणीचे संकट होते. पुढे प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयाकडे गेले की हीच वाक्ये इंग्रजीत जातात. तालुक्यातून निघालेले एक वाक्य असे दोन उंबरठे ओलांडते, आणि प्रत्येक उंबरठ्यावर त्यातील काळ थोडा थोडा झिजतो.

शिवाय तिचे पहिले बोलणे नोंदीत येण्याची शक्यताच कमी. घटनेनंतर स्त्री स्वतः पोलीस ठाण्यात गेली आणि सारे सांगून बसली, तरी पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १९६५ च्या अघनू नागेसिया निर्णयाने, आरोपीने स्वतः दिलेल्या कबुलीस्वरूप फिर्यादीलाही हाच नियम लावला. हे संरक्षण आवश्यकच आहे. ते सैल व्हावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो, की कोणी प्रश्न विचारण्यापूर्वी, स्वतःच्या बोलीत आणि स्वतःच्या क्रमाने केलेले तिचे कथन बहुधा बाजूला पडते. पुढची संधी येते ती खटल्याच्या अखेरीस, न्यायाधीशांच्या ठराविक प्रश्नांना उत्तरे देताना. आणि ते प्रश्न सरकारी पुराव्यावरून, म्हणजे त्या एका रात्रीवरून, तयार झालेले असतात. अपवादाचा लाभ मागावयाचा तर तो सिद्ध करण्याचा भारही पुराव्याच्या कायद्याने आरोपीवरच टाकलेला आहे.

७

येथे असा आक्षेप येईल, की दंडविधीला रीतिकाळ पेलणारच नाही. कायद्याला निश्चित घटना हवी. या आक्षेपाचे उत्तर आपल्या कायद्यातच आहे. १९८३ साली दंडसंहितेत कलम ४९८-अ दाखल झाले. त्यात क्रूरतेची जी व्याख्या केली, तिचा आधार एखादी घटना हा नसून ‘वर्तन’ हा आहे. स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील असे बुद्धिपुरस्सर वर्तन म्हणजे क्रूरता, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी पुराव्याच्या कायद्यात, विवाहानंतर सात वर्षांच्या आत पत्नीने आत्महत्या केली आणि क्रूरता सिद्ध झाली, तर पती किंवा त्याचे नातेवाईक यांनी तिला प्रवृत्त केले असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयास मिळाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक अशा छळाच्या प्रकारांना मान्यता दिली. हे सर्व रीतिकाळाचेच कायदे होत.

म्हणजे दीर्घ छळ माणसाला टोकास नेतो हे कायद्याला ठाऊक आहे. परंतु ते टोक एकच, अशी त्याची समजूत दिसते. छळाने स्त्री विहिरीत उडी घेते, हे त्याला पटते. त्याच छळाने तिने कुऱ्हाड उचलली तर मात्र तो पुन्हा विचारतो : त्या क्षणी अचानक काय घडले? ती मेली तर तिच्या मागच्या साऱ्या वर्षांची चौकशी, आणि ती जगली तर एका रात्रीची! न्यायाची एकच व्यवस्था दोन व्याकरणे वापरीत आहे.

इतर देशांनीही ही अडचण अनुभवली आहे. इंग्लंडात प्रक्षोभ म्हणजे आत्मसंयमनाचा आकस्मिक व तात्पुरता लोप, असे सूत्र १९४९ च्या डफी खटल्यात सांगितले गेले. तो खटला झोपलेल्या पतीला मारणाऱ्या पीडित पत्नीचाच होता, ही गोष्ट बोलकी आहे. चाळीस वर्षांनी किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीचे प्रकरण आले. दहा वर्षांच्या छळानंतर मे १९८९ मध्ये तिने झोपलेल्या पतीला पेटविले. खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली. जुलै १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला; मात्र त्याचा आधार मानसिक स्थितीमुळे उणावलेली जबाबदारी हा होता, प्रक्षोभ नव्हे. त्याच वर्षी सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारून, भोगलेल्या शिक्षेवर तिची सुटका झाली. पुढे २००९ च्या कायद्याने संयमाचा लोप आकस्मिक असण्याची अटच तेथे काढून टाकली. आपल्या कायद्यात वेडाचा बचाव आहे, परंतु उणावलेल्या जबाबदारीचा मधला मार्ग नाही. यास्तव ‘आकस्मिक’ या शब्दावरचा भार आपल्याकडे अधिकच वाढतो.

भारतीय न्यायालयांनी हा भार हलका करण्याचे प्रयत्न केले आहेत. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या आणि स्वतः वाचलेल्या मातेच्या प्रकरणात, ‘दीर्घकालीन प्रक्षोभ’ ही संकल्पना अपवादात वाचली. २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने, नित्य मारहाण करणाऱ्या पतीला मारलेल्या पत्नीच्या प्रकरणात, पीडित पत्नीच्या मानसिक अवस्थेची चर्चा करून अपराध कलम ३०२ वरून ३०४ वर आणला. या वाटेचा आरंभ नानावटी निर्णयातील ‘मनाची पार्श्वभूमी’ या कसोटीपाशी होतो, हे मुंबईच्या अभ्यासकांनी विसरू नये. परंतु ही वाट प्रत्येक न्यायाधीशाने नव्याने तुडवावयाची आहे. २०२३ च्या न्याय संहितेत कलमांचे क्रमांक बदलले. तीनशेचे एकशेएक झाले. ‘गंभीर आणि आकस्मिक’ ही जोडी मात्र जशीच्या तशी राहिली.

८

एक गंभीर शंका उरते. आकस्मिकतेची अट सैल केली तर तिचा लाभ प्रथम कोण घेईल? संशय, मानभंग, बायकोचे उलट बोलणे, यांनी आपण वर्षानुवर्षे धुमसत होतो, असे पत्नीची हत्या करणारा पतीही म्हणू शकेल. शिवाय मृत मनुष्य आपली बाजू मांडावयास येत नाही. या शंकेला हसून चालणार नाही. तिचे उत्तर असे, की रीतिकाळ मान्य करणे म्हणजे प्रत्येक दीर्घ रागाला सवलत देणे नव्हे. ज्या रीतीची चौकशी व्हावयाची ती रागाची नसून हिंसेची असावी. आणि हिंसेला शेजार, दवाखाना, माहेर, पूर्वीच्या तक्रारी असे बाहेरचे साक्षीदार असतात. इंग्लंडच्या २००९ च्या कायद्याने लैंगिक बेइमानी हे कारण मुद्दाम वगळले, ते याच धोक्यासाठी.

आत्मसंरक्षणाच्या तरतुदींतही एक दुर्लक्षित आधार आहे. देहाच्या संरक्षणाचा हक्क वाजवी भीती उत्पन्न होताच सुरू होतो आणि ती भीती टिकून असेपर्यंत टिकतो, असे जुने कलम १०२ आणि नवे कलम ४० सांगते. ‘टिकून असेपर्यंत’ हे शब्द क्षणाचे नाहीत, अवधीचे आहेत. ज्या घरात भीती रोजची आहे त्या घरात ती केव्हा संपली, हे कोणी व कशावरून ठरवावे, हा प्रश्न विधिज्ञांनी हाती घ्यावा.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून पुढे जाण्याचा अधिकार नाही. त्याला एवढेच सुचविता येईल, की आरोपी स्त्रीचे कथन शक्य तेथे तिच्याच बोलीत, तिच्या क्रियारूपांसह उतरून ठेवावे. भाषांतर करणाऱ्याने रीतिकाळाचा साधा भूतकाळ करू नये. आणि ‘केव्हा मारले?’ या प्रश्नाबरोबर ‘कसे चालत आले?’ हाही प्रश्न तिला विचारला जावा. खानदेशातील महाविद्यालयांत अहिराणीचे जे अभ्यासक आहेत त्यांनी न्यायालयीन जबाबांच्या भाषेकडे लक्ष दिले, तर हे काम त्यांच्या हातून चांगले होईल.

स्मृतिकारांनी पतिघ्नीचे अवयव छाटले; पेशवाईने तिचा जीव राखून नाक घेतले; संहितेने तिचा देह राखला आणि तिला सर्वांच्या बरोबरीने उभे केले. प्रत्येक पायरीवर काहीतरी सुधारले, हे नाकारता येत नाही. परंतु तिचे वाक्य पुरते ऐकून घेण्याची पायरी अद्याप यावयाची आहे. ‘तो माले मारस’ या वाक्यात जो काळ आहे, त्याला निकालपत्रात जागा मिळाल्यानंतर तिला कोणती शिक्षा द्यावी हे न्यायाधीशाने खुशाल ठरवावे. ती जागा मिळेपर्यंत, तिने काय केले हेच आपण लिहून ठेवीत राहू, आणि काय होत आले ते नोंदीबाहेरच राहील.